क्षयरोगावरील अप्रमाणित उपचारांची परीक्षा

क्षयरोगावर गुणकारी म्हणून पुढे आलेल्या, परंतु गुण सिद्ध न झालेल्या उपचारांची वैद्यकीय छाननी. फुप्फुसाच्या क्षयात रोग मध्येच ओसरतो व काही काळाने पुन्हा उलटतो; काही रुग्ण औषधाविनाही बरे होतात. त्यामुळे त्या सुमारास दिलेल्या कोणत्याही औषधास यशाचे श्रेय मिळते. विश्रांती, मोकळी हवा व सकस आहार यांवरच भिस्त असलेल्या काळात ही फसगत सर्रास होत असे. महाराष्ट्रात डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये पाचगणीस काढलेले आरोग्यधाम याच काळातील होय.

क्षयजंतूंचे शोधक रॉबर्ट कॉख हेही या फसगतीस अपवाद ठरले नाहीत. त्यांनी १८९० मध्ये ट्युबरक्युलीन हा उपाय, घटक गुप्त ठेवून, जाहीर केला आणि बर्लिनमध्ये रुग्णांची रीघ लागली. जानेवारी १८९१ मध्ये रूडोल्फ फिरखो यांनी शवपरीक्षेच्या आधारे या उपायाचे धोके दाखविले. त्याच वर्षीच्या शासकीय अहवालानुसार १,७६९ रुग्णांपैकी फारच थोडे बरे झाले, तर अनेकांत काहीच सुधारणा नव्हती. पुढे ट्युबरक्युलीन निदानासाठी मात्र उपयुक्त ठरले.

बाजारातील गुप्त औषधांचे रासायनिक विश्लेषण ब्रिटिश मेडिकल ॲसोसिएशनने १९०९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यात क्षयावरील औषधेही होती. परंतु घटक समजले, तरी गुण ठरविण्यास तुलना आवश्यक असते. सॅनोक्रायसीन या सुवर्णयुक्त औषधासाठी जे. बर्न्स ॲम्बरसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २४ रुग्णांचे दोन समान गट केले आणि कोणत्या गटास औषध द्यावयाचे, हे नाणे उडवून ठरविले. दुसऱ्या गटास, रुग्णांच्या नकळत, केवळ ऊर्ध्वपातित पाणी टोचले. औषध निरुपयोगी व विषारी असल्याचे १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. याच तत्त्वाच्या अधिक काटेकोर चाचणीत स्ट्रेप्टोमायसिनाची उपयुक्तता सिद्ध झाली. १९४८ च्या ब्रिटिश अहवालानुसार सहा महिन्यांत औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४ दगावले.

भारतात औषधे व जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्ध १९५४ मध्ये कायदा झाला. ज्या रोगांवरील उपायांच्या जाहिरातींस त्याने बंदी आहे, त्यांत क्षयाचा समावेश होतो. मद्रास येथील १९५६ पासूनच्या चाचणीत आरोग्यधामाचीही परीक्षा झाली. घरी आणि आरोग्यधामात तीच औषधे घेणाऱ्यांचे परिणाम जवळजवळ सारखे असल्याचे १९५९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामुळे आरोग्यधामाचा खर्च न झेपणाऱ्या गरिबासही घरच्या घरी खात्रीचा उपचार देणे शक्य झाले.