विमान मुद्दाम का पाडायचं? आत्याचा प्रश्न आणि शंभर वर्षांची गोष्ट

आजचा एपिसोड पुण्याच्या खोलीतून नाही, लाखनीहून रेकॉर्ड केलाय. भंडारा ते साकोली हायवेवरचं आमचं गाव. मध्येच ट्रकचा हॉर्न ऐकू आला तर सांभाळून घ्या.

विषय घरातूनच निघाला. माझी आतेबहीण वैमानिकाचं ट्रेनिंग घेतेय. परवा तिने फोनवर सांगितलं की आता विमान हवेत मुद्दाम स्टॉल करायचं, म्हणजे उडणं बंद पडेपर्यंत न्यायचं, आणि मग सावरायचं. आत्या तडक आमच्या घरी आली. "बाबू, तू इंजिनिअर आहेस न? तिले समजावून सांग. सरळ उडवता येते तर हे उलटंपालटं कायले पाहिजे?"

मी हसलो, पण उत्तर काही सुचलं नाही. कारण माझ्याही डोक्यात विमानाच्या कसरती म्हणजे एअर शो, धूर आणि रील. मग दोन रात्री वाचत बसलो. त्यातून हा एपिसोड झाला.

आधी स्टॉल म्हणजे काय ते बघू. यात इंजिन बंद पडत नाही. विमानाचं नाक जास्तच वर गेलं की पंखावरून नीट वाहणारी हवा सुटते आणि पंख वजन पेलेनासे होतात. त्यातही एक पंख दुसऱ्याच्या आधी पडला की विमान भोवऱ्यासारखं गरगरत खाली येतं. याला स्पिन म्हणतात. सुरुवातीच्या काळात स्पिन म्हणजे मरणच. गंमत अशी की खाली पडताना माणूस घाबरून दांडा मागे ओढतो, नाक वर यावं म्हणून. आणि त्यानेच स्टॉल कायम राहतो.

२५ ऑगस्ट १९१२. इंग्लंडमधलं सॉल्सबरी मैदान. विल्फ्रेड पार्क नावाचा नौदल अधिकारी एका ॲव्हरो विमानाची चाचणी संपवून उतरत होता. सोबत एक प्रवासी होता. विमान स्पिनमध्ये गेलं. पार्कने दांडा ओढून पाहिला, उपयोग नाही. जमीन अगदी जवळ आली तेव्हा त्याने शेपटीचं सुकाणू, म्हणजे रडर, गरगरण्याच्या उलट दिशेला पूर्ण दाबलं. जमिनीपासून साधारण ५० फुटांवर विमान सरळ झालं. दोघंही वाचले.

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोडक्शनमध्ये सिस्टिम कोसळली, एकाने शेवटच्या सेकंदाला काहीतरी दाबलं आणि सगळं सुरू झालं. पण का सुरू झालं, हे सांगता येईना. पार्कने काय काय केलं ते लिहून ठेवलं गेलं, त्यावर चर्चा झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तो दुसऱ्या एका अपघातात गेला.

पुढच्या वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, कीवजवळ प्योत्र नेस्तेरोव या रशियन वैमानिकाने विमान उभ्या वर्तुळात फिरवलं. जगातला पहिला लूप! बक्षीस काय मिळालं? सरकारी मालमत्ता धोक्यात घातली म्हणून १० दिवसांची कैद. थोड्याच दिवसांत फ्रान्सच्या आदोल्फ पेगूने लूप मारला, त्याचा जगभर गाजावाजा झाला, आणि मग नेस्तेरोवला बढती मिळाली. नेस्तेरोवचं म्हणणं साधं होतं: विमान कुठल्याही स्थितीत गेलं तरी वैमानिकाला ते सावरता आलं पाहिजे.

मग आलं महायुद्ध. पोरं घाईघाईत शिकत होती आणि शिकतानाच मरत होती. रॉबर्ट स्मिथ-बॅरी नावाच्या अधिकाऱ्याला हे सहन होईना. १९१४ मध्ये त्याचं स्वतःचं विमान पडलं होतं. सोबतचा माणूस गेला आणि याचे दोन्ही पाय मोडले. १९१७ मध्ये त्याने गॉसपोर्टला नवी शाळा उभी केली. दोन सीटचं ॲव्हरो ५०४, दोघांकडेही कंट्रोल, आणि बोलायला एक रबरी नळी. नियम असा की धोक्यापासून विद्यार्थ्याला लांब ठेवायचं नाही. गुरूने त्याला मुद्दाम धोक्यात न्यायचं आणि बाहेर यायला शिकवायचं. त्याच वर्षी फार्नबरोला लिंडेमन नावाच्या शास्त्रज्ञाने स्वतः विमान शिकून, मुद्दाम स्पिनमध्ये जाऊन मोजमापं घेतली. आम्ही याला बग रिप्रोड्यूस करणं म्हणतो. फरक एवढाच की आमचा लॅपटॉप जमिनीवर आदळत नाही.

म्हणजे कसरत आधी वर्गात शिरली. आणि त्या वर्गाची मुख्य गोष्ट होती दुसरी सीट.

आता आपल्याकडे येऊ. २५ नोव्हेंबर २००९ ला पुण्याच्या लोहगाव तळावरून राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील सुखोई-३० मध्ये बसून उडाल्या. जळगावच्या प्रतिभाताई तेव्हा ७४ वर्षांच्या होत्या. साडीऐवजी जी-सूट, जो पाय आणि पोट आवळून रक्त डोक्यातून खाली उतरू देत नाही. त्याआधी ८ जून २००६ ला याच तळावरून डॉ. कलाम उडाले होते. तेही ७४ चेच! तरुणपणी डेहराडूनला वायुसेनेच्या निवडीत आठ जागा होत्या आणि ते नववे आले होते. दोघांच्याही उड्डाणात कंट्रोल सांभाळायला कसलेला वैमानिक होता.

आणि सूर्यकिरण? उदगीरच्या पलीकडे, बिदरला १९९६ मध्ये ही टीम सुरू झाली. नऊ विमानं, पंखाला पंख लावून. फेब्रुवारी २०११ मध्ये ती थांबवली गेली. कारण ऐका: शिकाऊ वैमानिकांसाठी विमानं कमी पडत होती, म्हणून टीमची किरण विमानं वर्गाकडे वळवली. तेव्हा वायुसेनाप्रमुख होते आपल्या नागपुरात जन्मलेले प्रदीप नाईक. २०१५ मध्ये हॉक विमानांवर टीम पुन्हा उभी राहिली. शो थांबला तरी चालेल, शिकवणं थांबता कामा नये, असा हिशोब होता तो.

आत्याशी खोटं बोलायचं नव्हतं. मार्च २००६ मध्ये बिदरजवळ सरावात सूर्यकिरणचं विमान पडलं आणि आतले दोघंही अधिकारी गेले. फेब्रुवारी २०१९ मध्ये येलहंकाला दोन विमानं सरावात धडकली, एक वैमानिक गेला. निष्णात लोकही जातात. धोका शून्य होत नाही, हे मी तिला सांगितलं. पण हेही सांगितलं की स्टॉल कधीतरी चुकून होणारच असेल, तर तो पहिल्यांदा पुरेशा उंचीवर, दिवसाउजेडी आणि शिकवणाऱ्यासोबत झालेला बरा.

आत्या बराच वेळ गप्प. मग विचारलं, "म्हणजे बाजूले कोणी असते न?"

"असते आत्या. त्यानं हे आधी लई वेळा केलेलं असते."

"मंग ठीक आहे," म्हणाली आणि चहा ठेवायला उठली.

तुम्हाला तुमच्या कामात कुणी असं मुद्दाम पाडून सावरायला शिकवलंय का? कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर राम राम!