स्थळांचे खेळ : त्यांची ओढ व त्यांचे दोष



हरिहरेश्वरास येणारा यात्रेकरू प्रथम काळभैरवाचें दर्शन घेतो, मग हरिहरेश्वराचें घेतो आणि पुन्हां काळभैरवासमोर येऊन उभा राहतो. त्यानंतर प्रदक्षिणेची वाट. टेकडी चढून गेलें कीं दोन उभ्या कातळांमधून पायऱ्या खालीं उतरतात व समोर एकदम अरबी समुद्र दिसतो. लाटांनीं झिजविलेल्या खडकांवरून, एका हाताला डोंगर आणि दुसऱ्या हाताला पाणी ठेवून, ही वाट जाते. गायत्रीतीर्थ, शुक्लतीर्थ, विष्णुपद अशीं स्थळें वाटेंत लागतात. प्रत्येक ठिकाणीं थांबावें, नमस्कार करावा, बरोबरच्या वडीलधाऱ्यानें तेथली कथा सांगावी आणि पुढें चालूं लागावें, असा जुना परिपाठ आहे.

नेमलेल्या स्थळीं पायीं जाणें, तेथें कांहीं ठरलेलें करणें आणि कांहीं पदरांत पाडून पुढच्या स्थळाकडे वळणें, एवढा सांगाडाच पाहिला तर मोबाइल फोनवरील एका नव्या खेळाचेंही हेंच वर्णन होईल. त्या खेळाची ओढ कशांत आहे आणि त्यांत उणें काय आहे, हें आज आपल्यापुढें मांडण्याचा माझा विचार आहे.

स्थळ शोधण्याचा छंद फोनाहून पुष्कळ जुना आहे. इंग्लंडांतील डार्टमूर या ओसाड माळावर जेम्स पेरट नांवाचा एक वाटाड्या होता. १८५४ सालीं त्यानें क्रॅनमिअर पूल या दुर्गम जागीं एक बाटली ठेवली. इतक्या लांब जो चालत येईल, त्यानें आपल्या नांवाचें कार्ड तिच्यांत टाकावें, एवढाच तिचा उपयोग. पुढें माळावर ठिकठिकाणीं पेट्या लपविणें व त्या शोधणें हा तेथील लोकांचा खेळच होऊन बसला.

यापुढची मजल उपग्रहांमुळें गांठतां आली. किमान चार उपग्रहांच्या संकेतांवरून हातांतील यंत्र आपली जागा ओळखूं शकतें. हे उपग्रह अमेरिकेनें लष्करासाठीं सोडलेले. म्हणून सामान्य लोकांना मिळणारा संकेत मुद्दाम बिघडविलेला असे आणि शंभर मीटरांपर्यंत चूक पडे. १ मे २००० रोजीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं हा बिघाड थांबविण्याची घोषणा केली, आणि चूक दहावीस मीटरांवर आली. दोनच दिवसांनीं, ३ मे रोजीं, डेव्ह उल्मर या गृहस्थानें ऑरेगन राज्यांत एक बादली रानांत ठेवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. ज्याला ती सांपडेल त्यानें वहींत नोंद करावी, कांहीं घ्यावें व कांहीं ठेवावें, असा नियम. लष्करी विद्येचा खेळ व्हावयास दोन दिवस पुरले!

दुसरा धागा जपानांतला. सातोशी ताजिरी यांना लहानपणीं किडे गोळा करण्याचा नाद होता. शहर वाढलें, शेतें व डबकीं बुजलीं, किडे नाहींसे झाले. तो आनंद पुढच्या मुलांना मिळावा म्हणून त्यांनीं काल्पनिक प्राणी पकडण्याचा पोकेमॉन हा खेळ रचला. तो १९९६ सालीं निघाला. हे दोन्ही धागे जुलै २०१६ मध्यें एकत्र आले. नकाशांच्या धंद्यांत मुरलेले जॉन हँके यांच्या नियांटिक कंपनीनें पोकेमॉन गो हा खेळ बाहेर काढला. प्राणी फोनाच्या पडद्यावर, परंतु त्यांना पकडण्यासाठीं चालावयाचें खऱ्या रस्त्यावर. पुतळा, देऊळ, जुनी इमारत हीं खेळांतलीं ठाणीं. भारतांत तो रीतसर आला डिसेंबर २०१६ मध्यें. पण उत्साही लोकांनीं आडवाटेनें तो आधींच मिळविला होता, आणि मुंबई पोलिसांना जुलैमध्येंच सावधगिरीची सूचना काढावी लागली होती.

याची ओढ खरी आहे, हें मी मोकळेपणानें कबूल करतों. माझा नातू दर सुट्टींत मुंबईहून येतो. पूर्वीं तो ओटीवरून हलत नसे. हा खेळ हातीं आल्यावर त्यानें आपण होऊन विचारलें, "आजोबा, फिरायला चलायचं?" इतक्या वर्षांत माझ्या उपदेशाला जें साधलें नाहीं, तें एका चित्रांतल्या प्राण्यानें साधलें. मात्र ही ओढ टिकते किती? अमेरिकेंतील तरुण खेळाडूंच्या पावलांची मोजणी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकानें डिसेंबर २०१६ मध्यें छापली. पहिल्या आठवड्यांत दररोज सरासरी ९५५ पाउलें वाढलीं. सहाव्या आठवड्यापर्यंत तीं पूर्ववत् झालीं.

दोषांत पहिला हा, कीं खेळाला जागा कळते, जागेचें महत्त्व कळत नाहीं. वॉशिंग्टन येथील ज्यूंच्या नरसंहाराच्या स्मारकसंग्रहालयास, येथें खेळूं नका, अशी विनंती करावी लागली. ६ ऑगस्टच्या स्मृतिदिनापूर्वीं आपल्या शांति-उद्यानांतून हा खेळ काढून घ्यावा, असें हिरोशिमा शहरास सांगावें लागलें. आपल्याकडे, देवळांत पडद्यावरचीं अंडीं दिसतात, अशी तक्रार सप्टेंबर २०१६ मध्यें गुजरात उच्च न्यायालयापुढें गेली. दुसरा दोष पंक्तिप्रपंचाचा. बरींचशीं ठाणीं नियांटिकच्याच आधींच्या एका खेळांतील लोकांनीं सुचविलेलीं होतीं. त्यामुळें जेथें खेळाडूंची दाटी तेथें ठाण्यांची दाटी, आणि खेडें कोरडें. तिसरा असा, कीं आपण कोठें व केव्हां चाललों याची नोंद होत राहते, आणि तिला मोल आहे. २०२५ सालीं या कंपनीचा खेळांचा व्यवसाय साडेतीन अब्ज डॉलरांना विकण्याचा करार झाला. चालणारीं पाउलें मात्र आपल्याच मुलांचीं!

चौथा दोष मला समुद्रानें शिकविला. कोंकणच्या किनाऱ्यावर भरतीचें एक गणित आहे. तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी. तितके वाजतां पूर्ण भरती. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां. पौर्णिमेनंतर पुन्हां एकपासून मोजावें. तेथून सुमारें सहा तासांनीं ओहोटी. हा हिशेब मीं वर्षानुवर्षें वर्गांत मुलांकडून घोकून घेतला आहे.

त्या दिवशीं साडेचारच्या सुमारास आम्ही दोघे पायऱ्या उतरलों. पाण्याजवळ पाण्यांतले प्राणी मिळतात म्हणून नातू खडकाच्या टोकाकडे सरकला. मी रागें भरणार, तोंच त्यानें फोन माझ्या हातीं दिला. "आजोबा, तुम्ही टाका चेंडू." मीं बोटानें चेंडू भिरकावला, चुकला. दुसरा चुकला, तिसराही चुकला. आतां मला ईर्ष्या चढली. किती वेळ गेला कोण जाणे. इतक्यांत वरून पायऱ्यांच्या तोंडाशीं सरबत विकणाऱ्या बाईची हांक आली, "ओ गुरुजी, आज तिथ कंची?"

दशमी! दहाची पाऊणपट साडेसात. पाणी दुपारींच वळलें होतें आणि आम्हीं ज्या खडकांवरून पलीकडे पाऊल टाकलें होतें, त्यांच्या फटींतून तें वाहूं लागलें होतें. नातवाचें मनगट धरून मी परतलों. घोट्यांपर्यंत पाणी लागलें, अधिक कांहीं झालें नाहीं. पण याच वाटेवरून लाटांनीं माणसें ओढून नेलेलीं आहेत, हें या गांवांत कोणास सांगावें लागत नाहीं. वर पोंचल्यावर बाई कांहींच बोलली नाहीं. तिनें कोकमाचे दोन पेले पुढें केले. माझी मान खालीं होती.

त्या रात्रीं मला झोंप लागली नाहीं. दोष फोनावर ढकलणें सोपें होतें. परंतु वाटेवर नातवाबरोबर चालणारा वडीलधारा मीच होतों. पडद्यावरच्या त्या नकाशांत खडक होते, समुद्र होता, तिथी नव्हती. ती त्याला मीं सांगावयाची होती. जुन्या प्रदक्षिणेंत स्थळांइतकाच बरोबरचा माणूस महत्त्वाचा असे. खेळानें स्थळें उचललीं, तो माणूस मात्र मागें राहिला.

म्हणून आपल्या घरच्या मुलांच्या हातून हा खेळ हिसकावून घ्या, असें मी म्हणणार नाहीं. त्यांच्याबरोबर चला. पाय त्यानें बाहेर काढले आहेत. डोळे वर करावयाचें काम आपलें आहे. दुसऱ्या दिवशीं नातवानें निघण्यापूर्वीं विचारलें, "आजोबा, आज एकादशी. म्हणजे सव्वाआठ ना?" हिशेब बरोबर होता. आम्ही दुपारीं दोन वाजतां, ओहोटीच्या वेळीं, पुरी प्रदक्षिणा केली. फोन त्याच्या खिशांत होता. विष्णुपदापाशीं त्यानें तो एकदां काढला आणि कथा संपेपर्यंत पुन्हां ठेवून दिला.