बांबू उडी : पोलची निवड

उडीपटू कॉर्नेलियस वॉर्मरडॅमने १९४२ मध्ये ४.७७ मी. उडी मारली ती बांबूवरच. १९६० च्या दशकात फायबरग्लासचे लवचीक पोल रुळले. पोलची लांबी किंवा साहित्य यांवर नियमांचे बंधन नाही. खरा प्रश्न ताठपणाचा. तो मोजताना पोलच्या मध्यावर ठरावीक वजन टांगून बाक सें.मी.मध्ये घेतात, आकडा लहान, तितका पोल ताठ. लांबी पकडीच्या उंचीवरून ठरते. तोच पोल खाली धरला, तर अधिक ताठ वागतो. पोल उभा न होता खेळाडू धावपट्टीकडे परतला, तर तो त्याला फार ताठ. गादीत खूप आत फेकला गेला, तर फार मऊ. शिराळ्यासारख्या तालुक्याच्या गावी शाळेकडे एखादाच पोल असेल, तर त्यावरील छापील वजनमर्यादेपेक्षा जड मुलाला तो देऊ नये. उडीतच मोडू शकतो.