मुडदूस आणि मोजून दिलेले थेंब

कॉड माशाच्या तेलाने मुडदूस टळतो, हे एडवर्ड मेलॅनबी यांनी १९१९ साली लंडनमध्ये कुत्र्याच्या पिल्लांवर प्रयोग करून दाखवले. १९२२ मध्ये मॅकॉलम यांनी त्यातला घटक वेगळा ओळखला. तेच ‘ड’ जीवनसत्त्व. ब्रिटनमध्ये बाळांच्या आहारात ते इतके मिसळले गेले, की १९५० च्या दशकात काही बाळांच्या रक्तातले कॅल्शियम वाढले आणि प्रमाण घटवावे लागले. उलट १९६२ मध्ये ग्लासगोच्या पाकिस्तानी कुटुंबांत मुडदूस आढळला.

परिचारिका म्हणून मी आपल्या नव्या आयांना म्हणूनच सांगते: इथले हिवाळ्यातले ऊन पुरत नाही, थेंब द्याच, पण मोजून. दुसऱ्या औषधातही तेच नाही ना, पाहा. उलट्या, बद्धकोष्ठता, फार तहान दिसली तर डॉक्टरांना गाठा.