लूट : एका शब्दाची कुळकथा

'लूट' हा शब्द मराठीत प्राकृताच्या वाटेने आला. संस्कृतात लुण्ट्, लुण्ठ् हे धातू चोरणे, हिसकावणे या अर्थी आहेत. काही कोशकार लुप् धातूपासून झालेल्या 'लोप्त्र' म्हणजे चोरीचा माल या शब्दाकडे बोट दाखवतात. ध्वनीच्या दृष्टीने मराठी शब्दाला सर्वांत जवळचे आहे ते 'लुट्ट' हे अनुमानित रूप. प्राकृतातले जोडाक्षर सुटले की मराठीत आधीचा स्वर दीर्घ होतो. हत्थचा हात झाला, भत्तचा भात झाला. लुट्टचा लूट होणे त्याच नियमात बसते.

या अर्थाचे शब्द मराठीत पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाची हद्द वेगळी आहे. दरोडा टोळीने घालतात, वाटमारी रस्त्यात होते, लुबाडण्यात फसवणूक असते, तर नागवण्यात समोरच्याकडे काहीच उरत नाही. लुटीत बळ उघड असते. लूट टाळण्यासाठी आधीच मोजायची रक्कम ती खंडणी. घोडदळाच्या वैरणीच्या नावाने घेतला जाणारा घासदाणाही तिच्याच जवळचा.

शिवकाळात लूट ही हिशेबाची बाब होती. जानेवारी १६६४ आणि ऑक्टोबर १६७० मध्ये सुरत लुटली गेली, ती राज्याचा खजिना भरण्यासाठी. सभासदाच्या १६९७ च्या बखरीनुसार लष्कराने आठ महिने मुलूखगिरी करून पावसाळ्यात परतायचे आणि सोने, रुपे, जडजवाहीर, भारी कापड सरकारात जमा करायचे. बायका, मुले, गाई यांना हात लावायचा नाही, असा दंडक होता. सैनिकाने मिळेल ते घरी न्यायचे, हा लुटीचा नेहमीचा अर्थ या व्यवस्थेने नाकारला, आणि तिचे मोल याच गोष्टीत आहे.

मुलूखगिरीचा हंगाम दसऱ्याला सुरू होई. त्याच दिवशी सीमोल्लंघन करून आपट्याची पाने 'सोने' म्हणून लुटतात. कुबेराने आपट्यावर सुवर्णमुद्रांचा वर्षाव केला आणि कौत्स या शिष्याने गुरुदक्षिणेपुरत्या घेतल्यावर उरलेल्या लोकांनी नेल्या, ही रघुराजाची कथा या प्रथेमागे सांगतात. इथे लुटणे म्हणजे वाटून घेणे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात अर्थ पुरता फिरतो: वाण लुटणारी बाई घेत नाही, देते. लहानग्याच्या बोरन्हाणात डोक्यावरून ओतलेली बोरे, चुरमुरे, हलवा इतर मुले लुटतात, आणि ओतणाऱ्यांनाही तेच हवे असते. आनंद लुटणे, मजा लुटणे हे प्रयोग याच अंगाचे.

इंग्रजांनी हा शब्द अठराव्या शतकात हिंदुस्थानी बोलीतून उचलला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाप्रमाणे पहिले चीन युद्ध, क्रिमियाचे युद्ध आणि १८५७ चा उठाव यांच्या काळात तो इंग्लंडात रुळला. स्वतःच्या अधिकृत लुटीला मात्र त्यांनी 'प्राइझ' म्हटले. शिपायाने परस्पर उचलले ती लूट. सरकारी यादीत चढवून हुद्द्याप्रमाणे वाटले ते प्राइझ. हा फरक हिशेबाचा होता, ज्याचे गेले त्याच्यासाठी काहीच बदलत नव्हते. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा, तेव्हा सुमारे ९० कॅरटचा असलेला 'नासक' हिरा १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाकडून गेला, तो 'डेक्कन प्राइझ' या नावाखाली. पुढे तो लंडनच्या जवाहिऱ्यांना विकण्यात आला.