औषध मारल्याशिवाय हिरवळ राहत नाही?

सोसायटीच्या वार्षिक सभेत लॉनचा विषय निघाला की एक मत ठामपणे मांडले जाते आणि बहुधा तेच संमत होते. ते असे: हिरवळ राखायची तर औषध मारावेच लागते. लव्हाळा उपटून संपत नाही, हुमणीची अळी लागली की गवत मुळापासून जाते, आणि माळ्याला दिवसभर खुरपत बसवणे परवडत नाही. औषधे सरकारमान्य असतात, पाण्यात पातळ करून मारतात, दिवसभरात वाळतात. तेवढा वेळ मुलांना खाली पाठवू नये, की झाले.

हा पूर्वपक्ष उथळ नाही. तो मांडणाऱ्यांना बागेची आस्था असते, आणि लव्हाळ्याने त्यांना आणलेला वैतागही खरा असतो. पण दुखणे खरे असले म्हणजे उपचार बरोबर ठरतो, असे थोडेच आहे?

आधी 'सरकारमान्य' हा शब्द पाहू. कीटकनाशकाच्या बाटलीवर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. प्रयोगातले निम्मे प्राणी किती मात्रेने दगावतात, त्यावरून हा रंग ठरतो. म्हणजे तो तात्काळ विषबाधेबद्दल बोलतो. थोडी थोडी मात्रा वर्षानुवर्षे अंगात गेली तर काय होते, याबद्दल तो गप्प असतो. हिरवा त्रिकोणसुद्धा 'निर्धोक' म्हणत नाही. 'कमी विषारी' एवढेच म्हणतो. शिवाय मान्यता कायमची नसते. फोरेट या कीटकनाशकाचे दाणे आपल्याकडे अनेक वर्षे बिनदिक्कत वापरले गेले. ३१ डिसेंबर २०२० पासून त्यांच्यावर बंदी आली. वाळवीसाठी सर्रास ओतले जाणारे क्लोरपायरीफॉस अमेरिकेने २००० सालीच घरगुती वापरातून काढायला घेतले, युरोपीय संघाने २०२० मध्ये त्याची मान्यता संपवली, आणि मे २०२५ मध्ये चिवट घातक रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत ते, काही सवलती ठेवून का होईना, दाखल झाले. ग्लायफोसेट या तणनाशकाचे तर आपल्याच केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये ठरवले की ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच वापरता येईल. पाठीवर पंप अडकवून फाटकातून आत येणाऱ्या माणसाकडे तसा परवाना आहे का, हे आपल्या कमिटीने कधी विचारले आहे? सरकारमान्यतेचा दाखला द्यायचा तर तो पुरता द्यावा.

दुसरा मुद्दा पातळ करण्याचा आणि वाळण्याचा. वाळणे म्हणजे नाहीसे होणे नव्हे. पाणी उडून जाते, विष पानांवर आणि मातीत राहते. क्लोरपायरीफॉस मातीत कित्येक आठवडे, कधी महिनोन्‌महिने टिकते. लॉनवर मारलेले टू-फोर-डी हे तणनाशक बुटांच्या तळव्यांना आणि कुत्र्यांच्या पंजांना लागून घरात येते व गालिच्याच्या धुळीत सापडते, हे अमेरिकी संशोधकांनी १९९०च्या दशकात मोजून दाखवले. घरात ऊन नाही, पाऊस नाही. तिथे ते बाहेरच्यापेक्षा अधिक काळ टिकते. आणि रांगते मूल असते कुठे? त्याच गालिच्यावर.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. वजनाच्या मानाने ते अधिक श्वास घेते, त्याची त्वचा अधिक उघडी पडते, मेंदूची घडण अजून चालू असते आणि हात सतत तोंडात असतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये मुलांचा कीटकनाशकांशी संपर्क कमी करावा असे निवेदन काढले, ते याच कारणांनी. लांब कशाला जायचे? कुठल्याही लॉनच्या कडेला पाच मिनिटे उभे राहा. आंबुटीची तीन दलांची पाने खुडून, ती आंबट लागतात म्हणून चघळणारे एखादे पोर दिसेलच. भाद्रपदात त्याच हिरवळीतून दूर्वा खुडल्या जातात. फवारणीची तारीख तेव्हा कोणाच्या लक्षात असते?

आता मुख्य दावा: औषधावाचून हिरवळ टिकतच नाही. कॅनडात मॉन्ट्रियलजवळच्या हडसन या छोट्या गावाने १९९१ मध्ये केवळ शोभेसाठी होणारी फवारणी बंद केली. लॉनची निगा राखणाऱ्या कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने निकाल दिला. पुढे ऑन्टारिओ प्रांताने एप्रिल २००९ पासून तोच नियम प्रांतभर लावला. शेती आणि सार्वजनिक आरोग्य त्यातून वगळले, आणि ते योग्यच केले. पीक आणि शोभा यांना एका मापाने मोजता येत नाही. टोरांटोच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना विचारा, तिथल्या हिरवळी वाळून गेल्या का?

'ते थंड हवेचे देश, त्यांचे आम्हाला काय?' असे म्हणणाऱ्यांसाठी आपल्या लव्हाळ्याकडे येतो. ग्लायफोसेट लॉनवर मारले तर लव्हाळ्याबरोबर हरळीही जळते. टू-फोर-डी मुख्यतः रुंद पानांच्या तणांवर चालते. लव्हाळा त्या जातीचा नव्हे. हॅलोसल्फ्युरॉन लव्हाळ्यासाठीच आहे, पण जमिनीतल्या सुप्त गाठी त्यालाही पुरून उरतात आणि फवारणी पुन्हा करावी लागते. मग दरवर्षीच्या फवारणीने साधले काय?

मुळात या गाठी येतात कुठून? ट्रकने आणलेल्या लाल मातीतून आणि अर्धकच्च्या शेणखतातून. म्हणून उपाय लागवडीपूर्वीचा आहे. एप्रिल-मेमध्ये माती खोल खणून उघडी टाकावी. उन्हाने वाळलेली गाठ मरते. मग पाणी देऊन दोन-तीन आठवडे थांबावे, उगवेल ते काढावे आणि नंतरच हरळी लावावी. तिला भरपूर ऊन हवे. इमारतीच्या सावलीत ती विरळ होते आणि रिकाम्या जागेत तण शिरते. त्या कोपऱ्यात लॉनचा हट्ट सोडावा. कापताना पात्याचा एक तृतीयांशाहून अधिक भाग छाटू नये. रोज शिंपडण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी खोल पाणी द्यावे.

हुमणीचे उत्तर ऊसवाल्यांकडे आहे. वळवाचा पाऊस पडला की तिचे भुंगेरे तिन्हीसांजेला कडुनिंब-बाभळीवर जमतात. फांद्या हलवून ते खाली पाडतात आणि साबणाच्या पाण्यात बुडवतात. सोसायटीच्या कडुनिंबाखाली हे करायला कोणी अडवले आहे? उरलेल्या अळ्यांसाठी मेटारायझियम ही बुरशी कृषी दुकानांत मिळते.

जाता जाता आमच्याच बाजूच्या उत्साही मंडळींनाही एक सांगायला हवे: 'नैसर्गिक' म्हणून तंबाखूचा अर्क फवारू नका. निकोटीन हे जालीम विष आहे.

सापांची भीतीही मध्येच काढली जाते. साप येतात ते उंदरांच्या मागे आणि आडोशासाठी. त्यावर इलाज म्हणजे गवत वेळेवर कापणे आणि कचऱ्याचे डबे झाकणे. यात तणनाशकाचा संबंध कुठे येतो?

एवढे करूनही हिरवळीत थोडा केना आणि थोडी आंबुटी दिसेल, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. पण मग वाद फक्त दिसण्याचा उरला. तेवढ्यासाठी पंप भरायचा का, हे वाचकांनी सभेत हात वर करून ठरवावे. आणि भरायचा ठरला तर इतिवृत्तात औषधाचे नाव, फवारणीची तारीख आणि मारणाऱ्याचा परवाना क्रमांक लिहून घ्यावा.