हवालदार कुणाचा?

आजच्या भागात एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती माझीच आहे. काही महिन्यांपूर्वी शिवकालीन लष्करावर बोलताना मी ओघात म्हणून गेलो होतो, की हवालदार, सुभेदार, नायब हे फारसी हुद्दे म्हणजे गुलामीची उरलेली खूण आहे, ते बदलून टाकले पाहिजेत. बोलताना आवाजही चढला होता. त्यानंतर एका संध्याकाळी आम्ही चार मित्र जेवायला बसलो आणि ते वाक्य मला परत घ्यावं लागलं.

निवृत्तीनंतर मी बंगळुरूत राहतो. आमच्या पलटणीचे सुभेदार मेजर साताऱ्याकडचे. ते लेकीकडे आले होते. पलटणीचे जुने डॉक्टर इथेच असतात. चौथा माझा कॉलेजातला मित्र, बँकेतून निवृत्त झालेला. डॉक्टर म्हणाले, नेहमीचा डोसा नको, आज इराणी जेवू. चहा-बनमस्का मिळतो तसलं इराणी हॉटेल नव्हे, खरोखरचं इराणी जेवण. शिकायला म्हणून इथे आलेला आणि इथेच रमलेला एक इराणी तरुण ते चालवतो.

जाताना मी गाडी मुद्दाम अली अस्कर रोडवरून घेतली. हा अली अस्कर शिराझचा. १८२४ साली, वय जेमतेम सोळा असताना, भावांबरोबर घोडे विकायला बंगळुरूला आला. इंग्रजांची छावणी इथे १८०९ मध्ये आली होती, म्हणजे घोड्यांना गिऱ्हाईक तयार होतं. म्हैसूरच्या महाराजांनीही त्याच्याकडून घोडे घेतले. तो परत गेला नाही. त्याचा नातू मिर्झा इस्माईल १९२६ ते १९४१ म्हैसूर संस्थानचा दिवाण होता. सुभेदार साहेब खिडकीतून पाटी बघत म्हणाले, "म्हणजे घोडे विकायला आला आणि दिवाणाचा आजोबा झाला!"

हॉटेलात बसलो. मेनूकार्ड हातात घेतलं तर निम्मे शब्द ओळखीचे. नान, कबाब, पनीर, किसमिस, बदाम, पिस्ता. मित्राने घोर्मे सब्जी मागवली आणि भाजीची वाट बघत बसला. आला तो मेथी-कोथिंबिरीसारख्या पाल्यात शिजवलेला मटणाचा रस्सा. 'सब्ज' म्हणजे हिरवं, म्हणून सब्जी म्हणजे हिरवा पाला. भातावर लालचुटूक आंबट बेरी होत्या, झरेश्क. शेवटी मालकाने पातेल्याच्या बुडाची खरपूस पापडी वेगळ्या ताटात आणून ठेवली. तिला तिकडे ताहदीग म्हणतात, 'देगेचा तळ'. सुभेदार साहेब म्हणाले, "अहो, ही तर भाताची खरवड!" आणि पहिला तुकडा त्यांनीच उचलला.

खाता खाता मित्राने विषय काढला. "तुझा तो हुद्द्यांवरचा भाग मस्त होता. हे सगळं जायलाच हवं."

सुभेदार साहेब जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, मीही ऐकला. एक विचारू? माझे वडील सिपाही म्हणून भरती झाले आणि हवालदार होऊन घरी आले. गावात आमच्या घराला हवालदारांचं घर म्हणतात. मी सुभेदार मेजर झालो, तरी घर हवालदारांचंच. उद्या तो शब्द गुलामीचा ठरला, तर वडिलांनी आयुष्यभर मिरवलं ते काय?"

बत्तीस वर्षं नोकरी केलेल्या माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी इतिहासाकडे धाव घेतली. म्हटलं, "सुभेदार साहेब, राज्याभिषेकानंतर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करून घेतला, तो याचसाठी ना?"

आता ही गोष्ट नीट बघू. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने हा कोश झाला. कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. ते काम पाहणारे रघुनाथपंत हणमंते. त्यांचे वडील नारो त्रिमल शहाजीराजांचे कर्नाटकातले कारभारी, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच मुलखाशी या घराण्याचा संबंध. पेशवा मुख्य प्रधान झाला, मुजुमदार अमात्य झाला, सुरनीस सचिव झाला, सरनौबत सेनापती झाला. राजा आपला, तर दरबारही आपल्या भाषेत बोलला पाहिजे. हा विचार मोठाच होता आणि आजही मला तो पटतो.

पण त्या भागात मी पुढचं सांगितलंच नव्हतं. महाराजांच्या घोडदळात पंचवीस बारगिरांवर हवालदार असे आणि पाच हवालदारांवर जुमलेदार. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनौबत असे तीन अधिकारी असत. मावळातला शिपाई ज्या शब्दावर धावून जाई, तो सैन्यात टिकला. पुढे शिक्क्यावर 'मुख्य प्रधान' असूनही लोकांनी १८१८ पर्यंत 'पेशवा'च म्हटलं. म्हणजे कोश करणाऱ्या राज्यातही दोन्ही शब्द शेजारी नांदले.

डॉक्टर हसत म्हणाले, "फारसी काढायचं तर इंग्रजीही काढा. तुमचा कर्नल कुठून आला?" कर्नल मूळचा इटालियन, सैनिकांच्या रांगेचा प्रमुख. लेफ्टनंट फ्रेंच, वरिष्ठाची जागा धरणारा. नायबचा अर्थ जवळपास तोच. माझ्या भाषणात मी नायबाला धारेवर धरलं होतं. स्वतःच्या कर्नलबद्दल मात्र अवाक्षर काढलं नव्हतं. घराच्या पाटीवर तो आजही आहे.

तेवढ्यात मालक चहा घेऊन आला. मी त्याला विचारलं, तुमच्या सैन्यात हवालदार आणि सुभेदार कोण असतात? तो गोंधळला. म्हणाला, असे हुद्दे आमच्याकडे नाहीत. आमचा साधा सैनिक सरबाज आणि तुमच्या हवालदारासारखा तो गोरूहबान. आणि नायब? तोही नाही, आता सोतवान म्हणतात.

त्याचं म्हणणं खरं आहे. रझा शाहच्या काळात, १९३५ मध्ये, इराणने भाषेची अकादमी स्थापन केली. त्या काळात अरबी वळणाचे शब्द काढून नवे फारसी शब्द घडवले गेले, त्यात लष्करी हुद्देही होते. जो नायब आम्ही फारसी म्हणून घालवायला निघालो होतो, तो इराणने अरबी म्हणून केव्हाच घालवला. तो आता राहिला आहे आपल्याकडे. आपल्या सेनेनेच तर १९६५ मध्ये जमादाराचा नायब सुभेदार केला.

सुभेदार साहेबांनी कप खाली ठेवला. "बघा साहेब, ते म्हणतात त्यांचा नाही. मग हवालदार कुणाचा?"

मंडळी, माझं आजचं उत्तर हे आहे. 'हवाला' मुळात अरबी. 'दार' फारसी, म्हणजे धरणारा. आपल्या 'धर' आणि 'धारी'चा तो सख्खा भाऊबंद. ज्याच्या हवाली काही केलं आहे आणि ज्याने ते धरून ठेवलं आहे, तो हवालदार. हा हुद्दा इराणच्या सैन्यात नाही, आपल्या पलटणीत आहे. सिपाही फारसी, नायक संस्कृत, लान्स नायकाचा लान्स युरोपातला. एकाच शिडीच्या या पायऱ्या आहेत, आणि त्या चढताना आपल्या जवानाने कधी अडखळून विचारलं नाही, की ही कुठली? विचारायचंच तर एवढं विचारावं, की हुकूम ऐकणाऱ्याला कळतो का. महाराजांच्या कोशामागेही मला तीच काळजी दिसते.

बिल आलं. सुभेदार साहेब देऊ लागले, मी देऊ दिलं नाही. निघताना मी त्यांना म्हटलं, "साहेब, ते वाक्य मी मागे घेतो." ते म्हणाले, "इथे चौघांतच नको. जिथे बोललात तिथेच घ्या."

म्हणून आज घेतलं. पुढच्या भागात भेटू. जय हिंद.